आधी कोण आले? खानदेशातल्या सृष्टिकथांची पार्श्वभूमी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी खानदेशात तीन हिशेब होतात. पहिला पितरांचा. नवी घागर भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचे, सांजोऱ्या-पुरणपोळीची आगारी, म्हणजे पितरांचा घास, विस्तवावर टाकायची. दुसरा माहेरचा. सासरी गेलेल्या लेकी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात. तिसरा हिशेब रोकडा असतो. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचे साल त्या दिवशी संपते आणि पुढच्या सालाचे धान्य, कपडे, रक्कम यांची बोलणी होतात.

पंचांगात हीच तिथी युगादि आहे. कोणी म्हणते या दिवशी कृतयुग सुरू झाले, कोणी म्हणते त्रेतायुग. त्याचा निकाल शास्त्रीबुवांनी लावावा. शिवारात मात्र युग कोणते यावर कधी वाद होत नाही, सालदाराच्या रकमेवर होतो. तरीही काळाची सुरुवात आणि मजुरीच्या वर्षाची सुरुवात एकाच दिवशी येते, हे मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आरंभाच्या कथा माणसांवर राज्य करतात त्या अशाच. गोष्ट अर्धी विसरली जाते, पण तिला बांधलेली तिथी, तिचा नेम आणि वाटा मागे उरतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रॉब्रिएंड बेटांवर राहिला होता. तिथल्या उगमकथांबद्दल त्याने १९२६ मध्ये जे मांडले ते आजही सोडून देता येत नाही. अमुक कुळाचा पूर्वज अमुक भोकातून जमिनीवर आला, ही कथा तिथे कुतूहल शमवण्यासाठी सांगितली जात नव्हती. ती त्या कुळाची जमिनीची सनद होती. आधी कोण आले, म्हणून कोणाचा शब्द चालेल, मासेमारीला कोण कुठे जाईल, हे त्यातून ठरत होते. हे निरीक्षण दूरच्या बेटांवरचे असले तरी सातपुडा आणि तापीच्या मधल्या पट्ट्यात ते फार ओळखीचे वाटते. आधी कोण आले, हाच इथला जुना प्रश्न आहे.

सपाटीची कथा

शेतीच्या आरंभाची जी कथा पुराणांतून महाराष्ट्रभर पोचली, ती पृथूची. विष्णुपुराणातला तिचा तपशील पाहण्यासारखा आहे. वेन नावाचा राजा उन्मत्त झाला. यज्ञ माझाच करा म्हणाला. ऋषींनी त्याला मंतरलेल्या दर्भांनी मारले. मग राज्याला राजाच उरला नाही, लुटालूट माजली, म्हणून ऋषींनी मेलेल्या वेनाची मांडी घुसळली. तिच्यातून जळक्या खुंटासारखा काळा, बुटका, चपट्या तोंडाचा माणूस निघाला. मी काय करू, असे त्याने विचारले. ऋषी म्हणाले, खाली बस. वेनाचे पाप त्याच्याबरोबर निघून गेले आणि त्याचे वंशज विंध्याच्या डोंगरात राहू लागले. ते निषाद. त्यानंतर ऋषींनी वेनाचा उजवा हात घुसळला, तेव्हा तेजस्वी पृथू निघाला.

पुढचा भाग अधिक प्रसिद्ध आहे. पृथ्वीने सगळी बीजे गिळून टाकली होती आणि प्रजा उपाशी होती. पृथू धनुष्य घेऊन तिच्या मागे लागला. ती गाईचे रूप घेऊन पळाली, अखेर थांबली आणि म्हणाली, मला वासरू दे म्हणजे पान्हा फुटेल, आणि आधी मला सपाट कर. पृथूने धनुष्याच्या टोकाने डोंगर बाजूला सारले, जमीन सारखी केली आणि धान्याचे दूध काढले. त्याच्या आधी गाव नव्हते, शेत नव्हते, व्यापाराचा रस्ता नव्हता, असे पुराण सांगते.

वर्ण आणि काम यांचा संबंध सांगताना ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताकडे बोट दाखवण्याची सवय सगळ्यांनाच आहे. मला खानदेशापुरती पृथूची कथा जास्त नेमकी वाटते. नांगराचा राजा आणि डोंगरात हाकललेला माणूस तिथे एकाच प्रेतातून, एकामागोमाग निघतात. शेती सुरू व्हायची असेल तर आधी कोणीतरी खाली बसला पाहिजे, कोणाच्या तरी माथी पाप गेले पाहिजे, आणि डोंगर सरकला पाहिजे. सपाटीवरच्या माणसाने डोंगरातल्या माणसाकडे पुढे कितीतरी शतके कोणत्या नजरेने पाहिले, ते या दोन उताऱ्यांत आधीच लिहून ठेवलेले आहे.

अर्थात शेतकऱ्याच्या घरातला आरंभ पुराणापेक्षा वेगळ्या वाटेने टिकला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी होते आणि रोटांसाठी गहू निघतो, तो घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने. भाऊबंद कितीही पांगलेले असोत, नाशिक-सुरत-पुण्याहून गावी येतात, कारण रोट भावकीचे असतात. देवी बाई, तिची गाणी म्हणणाऱ्या बाया, दळण-रांधण बायांचे, आणि मोजणी पुरुषांची. कुळ कोणापासून सुरू होते आणि कोणापर्यंत जाते, ते इथे गव्हाच्या मापाने सांगितले जाते. अलीकडे काही घरांत मुलींच्या नावानेही मूठ काढतात. तेवढ्याने कुळाची व्याख्या बदलली असे कोणी म्हणणार नाही, पण मूठ बदलली आहे.

डोंगराची कथा

सातपुड्यात गेले की धान्याची गोष्टच उलटी होते. तिथे पृथ्वीमागे धनुष्य घेऊन कोणी लागत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातले भिल्ल, मावची, वसावे, पाडवी, वळवी अशा कितीतरी कुळांचे लोक याहा मोगीला मानतात. याहा म्हणजे आई. तीच देवमोगरा माता, तीच कणी-कणसरी, धान्याच्या दाण्यात आणि कणसात राहणारी. तिच्या कथेचे पाठ गावागणिक वेगळे आहेत. राजा पांठा आणि विना ठाकूर यांच्याशी तिचे नाते प्रत्येक गायक आपल्या परीने लावतो. गाभा मात्र सगळीकडे तोच आहे. मोठा दुष्काळ पडला, माणसे, गुरे, पाखरे तडफडू लागली, तेव्हा तिने धान्याचे कोठार उघडले आणि सगळ्यांना वाटले. तिचे ठाणे सागबारा तालुक्यात देवमोगरा इथे आहे. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते आणि अक्कलकुवा, तळोदा, नवापूरकडची माणसे नव्या बांबूच्या टोपलीत धान्य, नारळ, मोहाची दारू घेऊन जातात.

दोन्ही कथा भुकेच्याच आहेत. एकीत भूक संपते ती पाठलागाने आणि दोहनाने, दुसरीत वाटपाने. पहिलीत नायक पुरुष राजा, दुसरीत कोठाराची किल्ली हाती असलेली बाई. यावरून एकदम ‘आदिवासी निसर्गपूजक आणि शेतकरी निसर्गभक्षक’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरावा. डोंगरातही झाडे तोडून, जाळून जमीन काढली गेली आहे आणि सपाटीवरही खळ्यातली पहिली रास बलुतेदारांना वाटल्याशिवाय घरी न नेण्याची रीत होतीच. कथा माणसाला चांगला किंवा वाईट करत नाही. कोणती गोष्ट कोणाच्या आधी करायची, एवढे मात्र ती ठरवते.

नवाईकडे पाहिले की हे कळते. नवे धान्य, नवी भाजी देवाला आणि पूर्वजांना दाखवल्याशिवाय खायची नाही, हा नेम सातपुड्यात आजही अनेक पाड्यांवर पाळला जातो. दारूची पहिली धार जमिनीवर पडते ती पूर्वजांसाठी. इंदल हा विधी घालतात तेव्हा कळंबाच्या फांद्या वाजतगाजत आणून अंगणात रोवतात आणि रात्रभर गायन चालते. त्यात राणी काजल, इंदीराजा हे देव येतात, नद्या येतात, डोंगर येतात. हे गायन म्हणजे करमणूक नाही. कोण कोणाच्या नंतर आले, कोणाला कोणाच्या आधी बोलवायचे, याची ती क्रमवारी आहे. गायकाचा क्रम चुकला तर जाणती माणसे मधेच थांबवतात.

साक्री आणि त्याच्या दक्षिणेकडच्या कोकणा आदिवासींच्या वस्त्यांत हेच काम थाळीवर होते. काशाच्या थाळीला मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवायची आणि बोटांनी ती वरून खाली ओढत राहायचे. तिचा जो अखंड घुमणारा नाद निघतो, त्यावर कथेकरी कणसरीची कथा लावतो. हा नाद ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही.

होळीचेही तसेच. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी १२४६ पासून चालत आली असे सांगतात. सालाचा पुरावा कसा आणि किती, हा इतिहासाचा प्रश्न. पण मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधून नाचणारे बावा-बुध्या त्याआधी कित्येक दिवस पालनी पाळतात, जमिनीवर झोपतात, खाण्यापिण्याचे आणि वागण्याचे कडक नेम सांभाळतात. हे आजचे आहे, डोळ्यांनी दिसणारे आहे.

लिहून घेणाऱ्यांच्या हातात

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतल्या भिल्ल नाईकांनी त्यांना काही वर्षे चांगलेच जेरीस आणले. लष्करी मोहिमांनी काम होईना तेव्हा १८२५ मध्ये धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी झाल्या, जेम्स आउट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर ही पलटण उभारली. एका हाताने बंदूक देऊन भिल्लांचा शिपाई करायचा, दुसऱ्या हाताने बैल, बियाणे आणि तगाई म्हणजे सरकारी कर्ज देऊन शेतकरी करायचा, असा तो बेत होता.

याच दशकात मध्य भारतात अधिकारी असलेला जॉन माल्कम भिल्लांच्या उगमाची एक कथा लिहून घेत होता. महादेव आजारी, उदास होऊन रानात पडला होता. एक सुंदर स्त्री आली, तिला पाहून त्याला बरे वाटले. त्यांना पुष्कळ मुले झाली. त्यातला एक लहानपणापासून कुरूप आणि दुष्ट. त्याने महादेवाचा लाडका नंदी मारला, म्हणून त्याला रानावनात हाकलले. त्याचे वंशज म्हणजे भिल्ल आणि निषाद.

ही कथा माल्कमला कोणी सांगितली? भिल्लाने, की भिल्लाबद्दल बोलणाऱ्या दरबारातल्या कारकुनाने? कथेची नजर पाहता मला ती कारकुनाचीच वाटते. आपल्या पूर्वजाला ‘कुरूप आणि दुष्ट’ म्हणून कोण उगमकथा सुरू करेल? पण एकदा छापली गेल्यावर ती भिल्लांचीच कथा झाली. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे खंड काढले, त्यातही ती माल्कमच्या आधाराने आहेच. बैल मारणाऱ्याच्या वंशजांना बैल देऊन माणसाळवायचे, असे सरकारी धोरण आणि अशी पुराणकथा एकमेकांना किती सोयीने मिळाली, ते पाहावे.

दुसरी एक कथा माळव्यातली, विसाव्या शतकाच्या आरंभी सी. ई. लुआर्ड याने नोंदवलेली. ही मात्र आतून आल्यासारखी वाटते. एक धोबी नदीतल्या माशांना रोज खायला घालायचा. एका माशाने त्याला सांगितले, महापूर येतोय, मोठी पेटी कर. धोबी आपली बहीण आणि एक कोंबडा घेऊन पेटीत बसला. पाणी ओसरल्यावर रामाच्या दूताने कोंबड्याचे आरवणे ऐकले आणि पेटी सापडली. रामाने धोब्याला उत्तरेकडे, पूर्वेकडे, पश्चिमेकडे तोंड करून विचारले, ही कोण? तिन्ही वेळा तो म्हणाला, बहीण. दक्षिणेकडे तोंड केल्यावर म्हणाला, बायको. त्यांना सात मुलगे, सात मुली झाल्या. बातमी फोडणाऱ्या माशाची जीभ कापली गेली. थोरल्या मुलाला रामाने घोडा दिला, पण त्याला बसता येईना. घोडा माळावर सोडून तो लाकडे तोडायला रानात गेला. त्याचे वंशज भिल्ल.

मनूला वाचवणाऱ्या माशाची कथा शतपथ ब्राह्मणात आहे. तिथे मासा पूजनीय आहे. इथे त्याची जीभ जाते. वरच्याचे गुपित खालच्याला सांगणाऱ्याचे असेच होते, हे ही कथा जाता जाता सांगते. घोड्याचा प्रसंग तर दोन बाजूंनी वाचता येतो. अधिकारी तो वाचून म्हणणार, पाहा, यांना प्रगतीची संधी दिली तरी घेत नाहीत. रानातला म्हातारा तोच प्रसंग सांगून म्हणेल, आम्ही थोरल्याचे वंशज, घोडा पहिल्यांदा आम्हालाच मिळाला होता.

थोरलेपणाचा हा दावा नुसता कथेतला नव्हता. मेवाडच्या राण्याच्या राज्यारोहणाला भिल्लाने आपल्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लावायची रीत होती. जमीन आधी ज्याची, त्याने मान्य केल्याशिवाय नव्याचे राज्य पक्के होत नाही, असा त्याचा अर्थ. खानदेशाच्या गावगाड्यात भिल्लाकडे जागल्याचे, म्हणजे राखणदाराचे काम असे. तिथे टिळा नव्हता, पण शिवेवरचा भांडणतंटा जागल्याला विचारूनच मिटायचा. मग अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाचे भाव चढले, रेल्वे भुसावळपर्यंत आली, पुढे १८७८ चा जंगल कायदा झाला. डोंगर धनुष्याने सरकवायची गरज उरली नाही. कापूस, मोजणीची साखळी आणि सावकाराची वही यांनी तेच काम केले.

कथा उलटवणारे

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये दशावताराच्या कथा उलट्या बाजूने वाचल्या. वामनाने बळीला पाताळात घातले, हा विजय नसून चोरी आहे, असे ते म्हणाले. त्यासाठी त्यांना नवे पुराण लिहावे लागले नाही. बाया दिवाळीत ओवाळताना ‘इडापिडा जावो, बळीचे राज्य येवो’ म्हणतच होत्या. कथा पुस्तकात वामनाची होती, दारात बळीची होती. पुस्तकातली बाजू आणि दारातली बाजू वेगळी असू शकते, ही त्यांची नजर मला फार मोलाची वाटते.

त्याच वाटेने पुढे गेलेले कॉम्रेड शरद पाटील धुळ्याचे. १९७८ मध्ये त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. संस्कृत आणि पाली ग्रंथ खणून त्यांनी मांडले की शेतीची आणि गणसमाजाची सुरुवात स्त्रीसत्तेत आहे, आणि पुढच्या ग्रंथांनी अशुभ ठरवलेली निर्ऋती मुळात त्या सत्तेची देवता आहे. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती पटेलच असे नाही. काही ठिकाणी ती फार ओढल्यासारखी वाटते. पण कणसरीच्या मुलुखापासून दिवसभराच्या अंतरावर बसून कोणी धान्याचा आरंभ बाईच्या हातात शोधत होता, याला अर्थ आहे. धुळे या बाबतीत विलक्षण गाव. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये तिथेच वारले, दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले. विवाहसंस्थेचा आरंभ शोधणारे राजवाडे आणि गुलामीचा आरंभ शोधणारे पाटील एकाच गावाशी जोडलेले निघावेत!

डोंगरात उलथापालथ वेगळ्या रीतीने झाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराज या भिल्ल संतांच्या आरतीसाठी हजारोंनी भिल्ल जमू लागले. दारू सोडा, आंघोळ करा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, असा त्यांचा उपदेश होता. पूर्वजांना मोहाची धार देणाऱ्या समाजात दारू सोडणे म्हणजे पूर्वजांशी असलेला व्यवहारच बदलणे. तरी लोकांनी ते केले, कारण तीच दारू त्यांना सावकाराच्या आणि दारू विकणाऱ्या कलालाच्या दारात बांधून ठेवत होती. आणि तू-रे म्हणून हाक मारणाऱ्या मुलुखात ‘आप’ हा शब्द काय करतो, ते सांगायला नको. उगमकथा मूल्ये ठरवते, असे आपण म्हणतो. इथे उलटे झाले. जगण्याची गरज बदलली आणि आरंभापासूनचा नेम मागे सरला. तरीही याहा मोगी गेली नाही. माळ घातलेल्या भगतांच्या घरी दारू बंद झाली, नवाई चालू राहिली.

१९७१-७२ मध्ये शहाद्याला भिल्ल नेते अंबरसिंग महाराजांच्या भजनी मंडळांतूनच जमिनीची चळवळ उभी राहिली, श्रमिक संघटना निघाली. गहाण पडलेल्या, लिहून घेतलेल्या जमिनी परत द्या, आम्ही इथले मूळचे, हे त्यांचे म्हणणे. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४ चा कायदा झाला. त्यात कोणते व्यवहार तपासायचे? १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ मधले. कथा म्हणते महापुरापासून, कायदा म्हणतो १९५७ पासून.

तापीच्या पाण्यात

१९६७ मध्ये लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकाराने लिहिले की पश्चिमेतल्या पर्यावरणाच्या नासाडीचे मूळ बायबलच्या उत्पत्तिकथेत आहे, कारण तिथे देव माणसाला सगळ्या सृष्टीवर सत्ता गाजवायला सांगतो. हा लेख अजून वर्गावर्गांत शिकवतात. पुढच्याच वर्षी यी-फू तुआन या भूगोलज्ञाने चीनकडे बोट दाखवले. तिथल्या परंपरेत निसर्गाशी सलोख्याचे गुणगान भरपूर आहे, तरी तिथली जंगले साफ झालीच.

मला तुआनचे पटते आणि पुरावा शोधायला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. तापी सूर्याची लेक. महाभारतात तिचे संवरण राजाशी लग्न होते, त्यांचा मुलगा कुरू, म्हणजे कौरव-पांडव तिचेच वंशज. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेला वाहत ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. आषाढ शुद्ध सप्तमीला तिची जयंती होते, प्रकाशा या गावी लोक दक्षिण काशी म्हणून स्नानाला जातात, चांगदेवला पूर्णा-तापीच्या संगमावर गर्दी होते. आणि याच नदीत, तिच्या उपनद्यांत, शहरांचे सांडपाणी सुटते. गिरणेच्या पात्रातून रात्री वाळूचे डंपर निघतात. डंपरच्या काचेवर बहुधा देवाचेच नाव असते.

तापीची उगमकथा निष्फळ आहे का? नाही. ती स्नानाशी बांधली गेली, वाळूशी नाही. नवाईची कथा जेवणाशी बांधली गेली, म्हणून पहिल्या घासाला हात थांबतो. नदीच्या कथेत माणसाचा हात थांबवणारी जागाच कोणी ठेवलेली नाही, कारण कथा रचली गेली तेव्हा वाळू विकली जात नव्हती.

यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत. त्यांच्या आरंभी बाबा आदम आहेत आणि डोंगरही आहे. नवापूरकडच्या ख्रिस्ती मावची कुटुंबांत एदेन बागेची कथा विसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर आली. व्हाइटचे खरे मानले तर या घरांचे रानाशी वागणे शेजाऱ्यांपेक्षा वेगळे दिसायला हवे. बाहेरच्याला ते सहसा दिसत नाही. मोह सगळेच वेचतात.

कागदावरचा आरंभ

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली, पहिला घाव मणिबेलीवर बसला. नर्मदेच्या पलीकडच्या काठावर, मध्य प्रदेशात, जलसिंधी आहे. तिथल्या एका रहिवाशाने १९९४ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांना लिहिलेले पत्र धरणविरोधी चळवळीच्या साहित्यात प्रसिद्ध आहे. आमचे गाव पूर्वजांनी वसवले, त्यांनी रान साफ केले, देव पूजले, शिवा घातल्या, असा त्याचा मुद्दा आहे. राणी काजल, राजा पांठा, इंदीराजा ही देवांची नावेही त्यात येतात. सरकारी कागदाने भरपाईचा हिशेब एकर आणि रुपयांत मागितला होता. उत्तर गायनाच्या भाषेत आले. पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात घर मिळते, पण ज्या टेकडीवर अमुक देव बसला ती टेकडी मिळत नाही, ही अडचण कोणत्याही तक्त्यात बसणारी नव्हती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ती थोडी बसवली. अनुसूचित जमातींसाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा, इतर पारंपरिक वननिवासींसाठी त्याशिवाय तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य, अशा त्याच्या अटी आहेत. पण नियमांत पुराव्यांची जी यादी दिली आहे, तिच्यात जुन्या विहिरी, स्मशाने आणि पवित्र जागा येतात, जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ येते, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेले, लिहून घेतलेले निवेदनही येते. म्हणजे वाघदेव कुठे आहे, पहिली शीव कोणी घातली, कोणत्या दगडाशी नवाई होते, हे आता फाईलला जोडता येते. सातपुड्यातल्या ग्रामसभांनी सामूहिक दाव्यांसाठी गावाचे नकाशे काढले, तेव्हा देवांच्या जागाही त्यांवर आल्या.

माल्कमच्या वेळी कथा सांगणारा एक, लिहून घेणारा दुसरा आणि निकाल देणाराही दुसराच होता. आता निदान पहिला ठराव ग्रामसभेचा असतो. पुढे उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, आणि तिथे दावे अडकून पडल्याच्या तक्रारी नंदुरबार-धुळ्यात नव्या नाहीत. देवमोगरा मात्र यातल्या कोणत्याच नकाशावर आणता येत नाही. १ मे १९६० पासून ती गुजरातेत आहे, आणि यात्रेकरू सीमा ओलांडूनच जातात.